सोपंय काका

प्रत्येक हाउसिंग सोसायटीत एक चेअरमन असतो, एक सेक्रेटरी असतो, एक खजिनदार असतो आणि एक सोपंय काका असतात. पहिल्या तिघांची निवडणूक घ्यावी लागते. चौथे असतातच. त्यांचं खरं नाव पार्किंगच्या पाटीवर रंगवलेलं आहे, पण ते वाचायची कुणाला गरज पडत नाही. सोसायटीतली नुकती बोलायला लागलेली मुलंसुद्धा त्यांना 'छोपंय काका' म्हणतात.

नवी मुंबईत या जातीची माणसं जरा जास्त पिकतात आणि त्याला कारण आहे. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि खाडीकाठची मिठागरं, भातखाचरं, गावं यांच्यावर पट्टी ठेवून तिनं शहर आखलं. नोड, सेक्टर, प्लॉट. इथे देवळालाही प्लॉट नंबर असतो. अशा शहरात तीस-पस्तीस वर्षं काढली, की माणसाला वाटायला लागतं की विश्वाचाही कुठेतरी मंजूर नकाशा असणारच. आपल्याला फक्त त्याची झेरॉक्स मिळायची राहिली आहे.

काका ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका रसायनांच्या कारखान्यातून निवृत्त झाले. शर्टाच्या खिशात दोन पेनं आणि घडी केलेला पाठकोरा कागद हा त्यांचा कायमचा सरंजाम. जुन्या लग्नपत्रिका ते याच कामासाठी जपून ठेवतात. कुणी काही विचारलं, की प्रश्न अर्धा होतो न होतो तोच काका म्हणतात, "अहो, सोपंय!" मग पत्रिकेच्या पाठीवर एक चौकोन येतो, त्यातून एक बाण निघतो आणि पाठोपाठ दाखला येतो. काकांचा सगळा व्यवसाय दाखल्यांवर चालतो. डकवर्थ-लुईस त्यांनी भाजीच्या हिशोबातून समजावलंय. रिडेव्हलपमेंटचा एफएसआय त्यांनी इडलीपात्रातून समजावलाय. ऐकणारा मान डोलावतो. ती मान 'कळलं' म्हणून डोलते की 'गॅसवर दूध ठेवलंय' म्हणून, याची चौकशी काकांनी कधी केली नाही.

काकांचा हा विजयरथ अडला तो ख्रिस्ती धर्मातल्या त्रैक्यापाशी.

पावसाळ्याच्या तोंडाशी एका संध्याकाळी वीज गेली आणि लिफ्ट तिसऱ्या-चौथ्या मजल्यांच्या मध्ये लटकली. आत काका होते, बी विंगमधल्या टीचर होत्या आणि कोपऱ्यात मी होतो. टीचर मूळच्या वसईच्या. मराठी शाळेत व्याकरण शिकवून निवृत्त झालेल्या, आणि दर रविवारी चर्चमध्ये मुलांना धर्मशिक्षण देणाऱ्या. अंधार होताच त्यांनी कपाळ, छाती आणि दोन्ही खांदे अशी क्रूसाची खूण केली आणि पुटपुटल्या, "पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने." दुसरा कुणी असा प्रसंग ओळखून गप्प बसला असता.

"टीचर, एक विचारू? तुमच्यात देव किती?"

"एक."

"मग पिता?"

"देव."

"पुत्र?"

"देव."

"आणि तो पवित्र आत्मा?"

"तोही देव."

"म्हणजे तीन झाले."

"नाही काका. एक."

काका सेकंदभर थांबले. त्यांच्या मानानं हे दीर्घ चिंतन होतं. "अहो, सोपंय! ही लिफ्ट एक आणि आपण तीन!"

"लिफ्टला आम्ही देव म्हणत नाही," टीचर म्हणाल्या. "आणि आत्ता तर ती चालतही नाहीये."

तेवढ्यात वीज आली. टीचर उतरून गेल्या, पण काका त्यात अडकले ते अडकलेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाशीच्या मिनी सीशोरवरच्या फेरीत काकांनी त्यांना गाठलं. उत्तर तयार होतं. "हे बघा टीचर, मी घरी बाबा, कंपनीत साहेब आणि सोसायटीत सल्लागार. माणूस एक, भूमिका तीन. संपला विषय."

"हे सॅबेलियसचं मत," टीचर चालता चालता म्हणाल्या.

"कुठल्या सेक्टरचा?"

"रोमचा. तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीचा. तोही म्हणायचा की देव एकच आणि वेळेप्रमाणे तो तीन रूपं घेतो. त्याला चर्चनं बाहेर काढलं."

"का बुवा? बरोबरच तर म्हणत होता."

"येशू यार्देन नदीत बाप्तिस्मा घेतो तेव्हा पुत्र पाण्यात उभा असतो, आत्मा कबुतरासारखा वरून उतरतो आणि पिता आकाशातून बोलतो. तिघंही एकाच क्षणी. तुम्ही घरातून हाक मारायची, पार्किंगमधून ओ द्यायची आणि जिन्यानं उतरतही असायचं, असं जमेल का तुम्हाला? एकटाच वेष बदलत असेल, तर पुत्र ज्याची प्रार्थना करतो तो कोण? स्वतःच?"

काकांनी पत्रिकेवरचा चौकोन खोडला. पण खचतील तर ते काका कसले. आठवडाभरानं ते सिडकोच्या कचेरीतून ट्रान्सफरच्या कामावरून परत आले ते नवा दाखला घेऊनच. "मिळालं! सिडको, महानगरपालिका आणि एमआयडीसी. जमीन सिडकोची, घरपट्टी महापालिकेची, कारखाने एमआयडीसीचे. संस्था तीन, नवी मुंबई एक!"

हा दाखला ऐकून नवी मुंबईत एकही माणूस न हसता राहणार नाही, पण टीचर राहिल्या. "हे म्हणजे तीन देव. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाच्या जॉन फिलोपोनसवर हाच आरोप झाला होता. तुमच्या तीन संस्था वेगवेगळ्या आहेत, सोयीपुरत्या एकत्र आल्यात. आणि त्या करतात काय? एक दुसरीकडे पाठवते, दुसरी तिसरीकडे."

"मग तुमच्या पित्यानंही पुत्राला पाठवलंच की!" काका विजयी सुरात म्हणाले. बायबल त्यांनी तेवढ्या आठवड्यात चाळलं होतं, हे मान्य करायला हवं.

"पाठवलं," टीचर म्हणाल्या, "पण 'साहेब जेवायला गेलेत' असं सांगून नव्हे. हे तिघं एकमेकांकडे बोट दाखवत नाहीत, एकमेकांत राहतात. एक जिथे आहे तिथे तिघंही पूर्ण आहेत. तिसरा हिस्सा कुणाकडेच नाही."

आता काकांच्या डोळ्यांत झोप दिसेना. काकू सांगत होत्या की रात्री दोनला उठून हे 'एक गुणिले एक गुणिले एक बरोबर एक' असं ओरडले. तेही टीचरपर्यंत पोहोचलं. त्यांनी एवढंच विचारलं, की गुणायचंच का, मिळवायचं का नाही, हे कुणी ठरवलं? काकांकडे त्याचं उत्तर नव्हतं, म्हणून ते संस्थात्मक मार्गावर आले.

"पिता म्हणजे चेअरमन. पुत्र सेक्रेटरी, तो चेअरमननं नेमलेला. अधिकार पुष्कळ, पण नेमणुकीच्या आधी तो नव्हता. बरोबर?"

या वेळी टीचर थांबल्या आणि कौतुकानं त्यांच्याकडे बघत राहिल्या. "काका, तुम्ही एरियस आहात. अगदी हुबेहूब. अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू. पुत्र नव्हता असा एक काळ होता, हेच तो म्हणायचा. एवढं सोपं करून सांगायचा की त्याची मतं गाण्यांतून गोदीतल्या कामगारांपर्यंत गेली. त्याच्यावरून एवढा गदारोळ झाला, की इसवी सन ३२५ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइननं नायसीया इथे सगळ्या बिशपांची सभा बोलावली आणि हे मत फेटाळलं गेलं."

सभा म्हटल्यावर काकांचे कान टवकारले. "कोरम होता?"

"परंपरा ३१८ बिशप सांगते."

"मिनिट्स?"

"मिनिट्स आज मिळत नाहीत. ठराव तेवढा आहे."

"मिनिट्स नाहीत?" काका जागच्या जागी उभे राहिले. "मग तो ठराव कायदेशीर कसा? उपनिबंधकाकडे एक अर्ज गेला असता तर…"

"अर्ज गेले हो. पन्नास-साठ वर्षं जात होते. नायसीयाचा ठराव धरून बसलेला अथनेशियस नावाचा बिशप पाच वेळा तडीपार झाला. शेवटी ३८१ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला पुन्हा सभा झाली आणि पुत्राबरोबर पवित्र आत्म्याचंही निस्तरलं."

त्या काळच्या कॉन्स्टँटिनोपलबद्दल निसाच्या ग्रेगरी नावाच्या बिशपनं तक्रार करून ठेवली आहे. पावाचा भाव विचारावा, तर दुकानदार पिता पुत्राहून थोर असल्याचं सांगतो. स्नानाचं पाणी तापलं का विचारावं, तर पुत्र शून्यातून निर्माण झाल्याचं ऐकावं लागतं. वाशीच्या एपीएमसीत कांद्याचा भाव विचारल्यावर आडत्यानं अद्वैत मांडावं, तशातला हा प्रकार. हे ऐकून बिशप वैतागले असतील. काका मात्र भारावून गेले. जिथे प्रत्येक कोपऱ्यावर एक सोपंय काका उभा आहे, असं शहर जगात एकेकाळी होतं तर!

पेंटेकॉस्टनंतरचा रविवार म्हणजे त्रैक्याचा सण. पोप बाविसावे जॉन यांनी १३३४ साली तो पश्चिमेकडच्या सगळ्या चर्चसाठी लावून दिला. या रविवारी प्रवचन करायला बरेच धर्मगुरू कचरतात असं टीचरच सांगतात. काका काकूंना घेऊन मुद्दाम त्या मिस्सेला गेले, शेवटच्या बाकावर बसले आणि पत्रिका उघडून तयार राहिले. फादरनी एकही दाखला दिला नाही. ते म्हणाले, देव प्रेम आहे असं आपण म्हणतो. जग नव्हतं, माणूस नव्हता, तेव्हा देवानं प्रेम कुणावर केलं? एकट्याला प्रेम करता येत नाही. बाराव्या शतकात पॅरिसमधल्या सेंट व्हिक्टर मठातल्या रिचर्डनं हा विचार मांडला, की प्रेम करणारा हवा, ज्याच्यावर करायचं तो हवा, आणि दोघांनी मिळून ज्याला आपल्या आनंदात घ्यायचं असा तिसराही हवा. देव एकच आहे, पण एकाकी नाही, एवढं लक्षात ठेवा आणि छत्र्या विसरू नका. प्रवचन संपलं.

"तयारी न करता आले होते," काका बाहेर येऊन म्हणाले. "आकृतीच नाही!"

"एकट्याला प्रेम करता येत नाही, हे कळायला आकृती कशाला हवी?" काकू म्हणाल्या. चाळीस वर्षं आकृत्या बघितलेल्या बाईचा तो आवाज होता.

मग काकांनी हुकमाचा एक्का काढला. खरं तर हा दाखला कोणत्याही मराठी माणसाला सगळ्यात आधी सुचला असता. "अहो, आपले दत्तगुरू! तीन शिरं, सहा हात, देह एक. मी दरवर्षी नरसोबाच्या वाडीला जातो आणि हे आत्ता सुचतंय! आणि घारापुरी तर इथे खाडीपलीकडे. ब्रह्मा, विष्णू, महेश, एकाच दगडात!"

घारापुरीचा निकाल तिसऱ्या मजल्यावरच्या, पुरातत्त्व शिकणाऱ्या मुलीनं लावला. "काका, ती त्रिमूर्ती म्हणजे ब्रह्मा-विष्णू-महेश नाहीत. तो सदाशिव आहे. मधे तत्पुरुष, एका बाजूला अघोर, दुसऱ्या बाजूला वामदेव. तीन तोंडं एकट्या शिवाचीच." काकांनी वर्षानुवर्षं पाहुण्यांना लाँचमध्ये बसवून जी माहिती दिली होती, ती अशी एका वाक्यात बुडाली.

दत्ताच्या बाबतीत टीचर फार सांभाळून बोलल्या. "दत्तगुरूंना तुम्ही आणखी एखाद्या गोष्टीचा दाखला करू नका, काका. ते स्वतःच मोठं प्रकरण आहे. महानुभाव पंथात श्रीदत्तात्रेय प्रभू एकमुखी आहेत, ते काही तीन देवांची बेरीज मानत नाहीत. अत्री-अनसूयेच्या पोटी आलेल्या दत्तांची कथा वेगळी, आमची वेगळी. आमच्याकडेही युरोपात चित्रकार एका धडावर तीन तोंडं काढून त्रैक्य दाखवत असत. पोप आठवे अर्बन यांनी १६२८ साली त्यावर बंदी घातली. तीन तोंडं काढली की बघणाऱ्याला वाटतं, कळलं. आणि नेमकं तेच नको होतं."

"पण मग कळायचं कसं?" काकांचा आवाज पहिल्यांदाच खालच्या पट्टीत आला.

टीचर बाकावर बसल्या. "पहिले ख्रिस्ती लोक यहुदी होते, काका. परमेश्वर एकच, हे ते रोज उठून म्हणायचे. तरी त्यांची येशूपुढे प्रार्थना सुरू झाली, आणि आपल्यात वावरणारा आत्मा देवाचाच आहे असा त्यांचा अनुभव होता. यातलं काहीच त्यांना सोडता येईना. एक म्हणणंही सुटेना, तीन नावं घेणंही सुटेना. प्रार्थना आधीची आहे. सिद्धांत नंतर आला, आणि तो आला कुंपण म्हणून. तीन देव म्हणू नका, एकाचे तीन मुखवटे म्हणू नका, पुत्राला घडवलेली वस्तू म्हणू नका. कुंपणाच्या आत काय आहे ते सगळं समजलं, असं कुणी म्हटलेलं नाही. संत ऑगस्टिननं त्रैक्यावर पंधरा भागांचा ग्रंथ लिहिला आणि त्यात सांगून टाकलं, की 'तीन व्यक्ती' असं आपण म्हणतो ते नेमकं सांगता येतं म्हणून नाही, अगदीच गप्प बसावं लागू नये म्हणून."

"आपल्याकडच्या कुणाला कळलं होतं का?"

"पंडिता रमाबाईंचं नाव ऐकलंय ना? १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी ज्यांना 'सरस्वती' म्हटलं त्या. त्यांनी १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरही त्रैक्य त्यांना पटत नव्हतं. तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन आणि शिक्षिका डोरोथिया बील यांच्याशी त्या पत्रांतून वाद घालत राहिल्या. एका पुरोहितशाहीच्या जोखडातून मान सोडवली ती दुसऱ्या जोखडात घालायला नाही, असा त्यांचा बाणा. मठातल्या सिस्टर वैतागल्या, पण बाई हटल्या नाहीत. पुढे केडगावला मुक्ती मिशन उभारलं, मूळ हिब्रू-ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं. एवढ्या बुद्धीची बाई, पण कळलं नाही तेव्हा 'कळलं' म्हणाली नाही."

काकांनी पेनाचं टोपण लावलं. वाटलं, संपलं. पण चार दिवसांनी ते पार्किंगमध्ये टीचरच्या गाडीला आडवे आले. या वेळी मोबाइल हातात होता आणि चेहऱ्यावर जुनं तेज.

"सच्चिदानंद! १८८२ मध्ये केशवचंद्र सेनांनी कलकत्त्यात व्याख्यानात सांगितलंय आणि १८९८ मध्ये ब्रह्मबांधव उपाध्याय यांनी त्यावर संस्कृत स्तोत्रच रचलंय. पिता म्हणजे सत्, पुत्र म्हणजे चित्, आत्मा म्हणजे आनंद. हे तुमच्या माणसानंही मांडलंय, आता नाही म्हणू नका!"

"नाही कशाला म्हणू?" टीचर हसल्या. "तुम्ही आणलेल्यात हा सगळ्यात मोठा दाखला आहे. ते स्तोत्र आम्ही गातोसुद्धा."

काकांनी दोन्ही हात वर केले. "बघा! सांगत होतो की नाही? सोपंय!"

"हो का?" टीचर म्हणाल्या. "मग मला आधी सच्चिदानंद समजावून सांगा. सत् आणि चित् वेगळे की एक? एक असतील तर शब्द तीन कशाला? वेगळे असतील तर अद्वैत कुठे राहिलं? माझ्याकडे वेळ आहे, काका. काढा पत्रिका."

काकांनी पत्रिका काढली. चौकोन काढला. बाण काढला. तो बाण चौकोनातून निघून कागदाच्या कडेपर्यंत गेला आणि तिथेच थांबला. देवघरातल्या तसबिरीखाली लिहिलेला, लहानपणापासून रोज तोंडी असलेला शब्द. त्याला दाखला सापडेना. काका म्हणाले, "बघतो." त्यांच्या तोंडून हा शब्द आम्ही पहिल्यांदा ऐकला.

याचा अर्थ काका सुधारले असा कृपया घेऊ नका. पुढच्याच आठवड्यात त्यांनी वॉचमनला जीएसटी समजावून सांगितला. पण या सगळ्या प्रकरणातून एक गोष्ट मला पटली. चर्चच्या इतिहासात पाखंडी म्हणून ज्यांची नावं निघतात ती बहुतेक हुशार, तळमळीची, लोकांना मदत करायला धावणारी माणसं होती. त्यांचा अपराध एकच, त्यांनी सोपं केलं. तीनशे-चारशे वर्षांत चर्चनं जेवढी चुकीची उत्तरं गोळा केली, तेवढी आमच्या काकांनी वाशीत एका पावसाळ्यात, कुणाच्याही मदतीशिवाय शोधून काढली. याला बुद्धी लागते. आणि एरियसनं सोपं करायचा आग्रह धरला नसता, तर नायसीयाची सभाही भरली नसती. अवघड गोष्ट नेमकी कुठे अवघड आहे, हे कुणीतरी 'सोपंय' म्हटल्याशिवाय कुणाला दिसत नाही.

म्हणून नवी मुंबईत घर बघायला निघालेल्यांना माझा सल्ला आहे. पाणी चोवीस तास आहे का, स्टेशन किती लांब आहे, सिडकोची कागदपत्रं स्वच्छ आहेत का, हे विचाराच. त्याबरोबर ए विंगमध्ये एक सोपंय काका आणि बी विंगमध्ये एक टीचर आहेत ना, तेही विचारून घ्या. दोघांपैकी एकच असेल, तर टोकन देऊ नका.